बहात्तर तास

२०२५ च्या मे महिन्यात, बडोद्याच्या उन्हाने माठातले पाणीदेखील कोमट करून टाकलेले असताना, आमची नात पुण्याहून आली ती दोन कागद घेऊन. खरे म्हणजे ते कागद नव्हतेच. तिच्या भ्रमणध्वनीवर आलेले दोन संदेश होते. पण पडद्यावरचे वाचताना आबांना चष्मा दोनदा पुसावा लागतो हे ठाऊक असल्याने तिने ते मुद्दाम छापून आणले होते. एक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा, विद्युत अभियांत्रिकीत एम.टेक.ला जागा मिळाल्याचा. दुसरा इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा. दोहोंची मुदत एकाच दिवशी संपत होती आणि त्या दिवसाला तीन दिवस उरले होते.

“आबा, तुमच्याकडेही असेच दोन कागद आले होते ना?” तिने विचारले. “मग तुम्हीच सांगा.”

अभियांत्रिकीची पदवी हाती आली की आपल्या घरांतून हा प्रश्न पाहुण्यासारखा येतो आणि सोफ्यावर ठाण मांडून बसतो. पुढे तंत्रज्ञानच शिकायचे की व्यवस्थापनाकडे वळायचे? शेजारी, मामा, वडिलांचे कचेरीतले साहेब, सगळ्यांना त्याचे उत्तर येत असते, आणि ते बहुधा आकड्यांत असते. आकडे खोटे नसतात. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला गेट परीक्षेच्या आधारावर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. व्यवस्थापनाच्या नामांकित संस्थेत दोन वर्षांना वीस लाखांहून अधिक मोजावे लागतात आणि त्यासाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागते. एक घेणारा, एक देणारा. मात्र बाहेर पडताना पारडे उलटते, असे सांगणारे सांगतात. पुन्हा गेट देणारे सगळेच शिकण्यासाठी देतात असेही नाही. त्या गुणांवर सरकारी कंपन्या थेट नोकऱ्या देतात, त्यामुळे कित्येकांना ती परीक्षा म्हणजे नोकरीचेच दार असते. हे सारे नातीला आमच्याहून चांगले माहीत होते. तिने एका वहीत दोन रकाने पाडून सगळे लिहूनही काढले होते. ती वही पाहून आम्हाला अंमळ गंमत वाटली, कारण ५१ वर्षांपूर्वी आम्हीही अशीच वही केली होती. तिच्यात आकडे चिमुकले होते, इतकाच फरक.

ते १९७४ साल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतून आम्ही विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली ते. आमच्या शाखेला गावात अजूनही सगळे कलाभवनच म्हणतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताने कलाभवन उभे केले ते रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे हाताचे विद्येत रूपांतर व्हावे म्हणून. चित्रपटवाले दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कलाभवन त्याची शाखा बनले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून ते पायी जाण्याइतके जवळ. ‘हाताने न केलेले डोक्यात राहत नाही’ असे तिथले एक जुने कारागीर-शिक्षक आम्हाला कानस हातात देऊन सांगत, आणि आम्ही पाठ फिरताच एकमेकांकडे पाहून हसत असू.

त्या वर्षी गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाने हलकल्लोळ केला होता. त्याची ठिणगी पडली होती डिसेंबर १९७३ मध्ये, अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात, खाणावळीचे बिल वाढले म्हणून. फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावे लागले. अभियांत्रिकीच्या मुलांच्या पोळीभाजीने सरकार पाडले, असे आमचा मित्र मोठ्या अभिमानाने सांगे. हा मित्र आणि आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. दोघांनाही उच्च दाबाच्या विजेचे वेड. पाच वर्षांत आमच्या वह्या इतक्या अदलाबदल झाल्या होत्या की कोणाचे अक्षर कोणते, हे परीक्षकालाच विचारावे लागले असते.

अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेची परीक्षा आम्ही दिली ती निव्वळ एका पैजेपायी. ती संस्था तेव्हा तेरा वर्षांची होती. १९६१ मध्ये विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने आणि हार्वर्डच्या सहकार्याने ती निघाली होती. तिथले बोलावणे आले तेव्हा घरात आनंदापेक्षा गोंधळच अधिक झाला. आमचे तीर्थरूप सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांनी पत्र तीनदा वाचले आणि विचारले, “हे पदविका म्हणतात. पदवीनंतर पदविका? म्हणजे चढायचे की उतरायचे?” त्यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अगदी बिनतोड होता. त्या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला तो २०१७ चा कायदा झाल्यावर; तोवर इतकी वर्षे तिथून पदविकाच मिळत असे. नातीच्या कागदावर एम.बी.ए. असे स्वच्छ लिहिलेले पाहून तीर्थरूपांची आठवण झाली.

बंगळूरचे पत्र मात्र येईना. विज्ञान संस्थेत एम.ई.साठी आम्ही आणि मित्र दोघांनीही अर्ज केले होते. ८ मे रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. टपाल कुठे अडकले कोण जाणे. इकडे अहमदाबादला पैसे भरण्याचा दिवस उजाडला. तीर्थरूपांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली आणि रक्कम भरून टाकली. २७ मे रोजी संप मिटला, आणि त्यानंतर काही दिवसांनी बंगळूरची दोन पत्रे एकाच थैलीतून आली, एक मित्राच्या घरी, एक आमच्या.

पुष्कळ वर्षे आम्ही ही कथा अशीच सांगत आलो: रेल्वेचा संप झाला म्हणून आम्ही व्यवस्थापनाकडे गेलो. ऐकायला ती बरी वाटते. पण खरे सांगायचे तर भरलेले पैसे सोडून देण्याची तीर्थरूपांची तयारी होती. “तुझे मन जिथे असेल तिथे जा,” असे ते म्हणाले होते. धाकट्या बहिणीचे लग्न पुढ्यात होते, हे खरे. पण त्याहून खरे हे की त्या काळी कलाभवनातून बाहेर पडलेले अभियंते कारखान्यांत पाठीवर थाप मिळवीत आणि बैठकीच्या खोलीबाहेर उभे राहत, ते आम्ही सुटीत कामाला जात असताना पाहिले होते. आम्हाला त्या खोलीच्या आत बसायचे होते. हे आम्ही वहीच्या कोणत्याच रकान्यात लिहिले नव्हते.

बडोद्याच्या एकाच स्थानकावरून दोघे निघालो. मित्र दक्षिणेला, आम्ही उत्तरेला. त्याला दोन रात्रींचा प्रवास, आम्हाला अडीच तासांचा.

अहमदाबादविषयी कृतघ्न होण्याचे आम्हाला काही कारण नाही. लाल विटांच्या त्या विशाल कमानी ज्याने रचल्या तो वास्तुकार लुई कान त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तला होता. त्याच्या भिंतींच्या सावलीत आम्ही दोन वर्षे काढली. तिथे व्याख्यान कमी आणि प्रकरणे फार. एखाद्या गिरणीची, एखाद्या दुग्धसंघाची हकीगत वीस-पंचवीस पाने रात्री वाचायची आणि सकाळी ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते’ याचे उत्तर द्यायचे. वर्गातला मोठा भाग अभियंत्यांचाच होता, आणि आम्हा सगळ्यांची खोड एकच: हाती अपुरी माहिती आली की आणखी मागायची. प्राध्यापक शांतपणे म्हणत, आणखी काही मिळणार नाही, निर्णय सांगा. हे आम्हाला कुठल्याही तांत्रिक वर्गात शिकायला मिळाले नसते. ताळेबंद वाचायला शिकलो, समोरच्याचे हित कशात आहे ते आधी पाहायला शिकलो. पुढे कारखान्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या छोट्या कारागिरांची बिले सहा-सहा महिने अडकून पडत, आणि मग त्यांच्याकडून येणारे सुटे भाग उशिरा येतात म्हणून आमचेच लोक त्यांच्या नावाने बोटे मोडीत. ती बिले ठरल्या दिवशी देण्याची शिस्त आम्ही लावली आणि वर्षभरात माल वेळेवर येऊ लागला. हे काम एखाद्या नव्या यंत्राच्या आराखड्याहून कमी होते असे आम्ही अजूनही मानत नाही.

मुंबईत काही वर्षे काढून १९८४ मध्ये आम्ही बडोद्यास परतलो. जवळच्याच एका कारखान्यात मोठी विद्युतरोहित्रे बनत. मराठीत रोहित्र असा गोड शब्द असला तरी कारखान्यात शिपायापासून संचालकापर्यंत सगळे ट्रान्स्फॉर्मरच म्हणत. तिथे आराखडा विभागात आमचा मित्र आधीपासून होता. पुन्हा दोघे एका छपराखाली आलो. फरक एवढाच, की आता तो कागद वर पाठवी आणि आम्ही त्यावर सही करत असू.

आता जे सांगायचे आहे ते मार्च १९९५ चे. नातीला ते कधी सांगितले नव्हते; तिच्या आईलाही नाही.

एका राज्याच्या वीज मंडळासाठी २२० किलोव्होल्टचे एक रोहित्र तयार होत होते. ३१ मार्चपर्यंत ते कारखान्याबाहेर पडायला हवे होते. करारातली तारीख तीच, आणि वर्षाच्या विक्रीच्या हिशेबात ते धरले जाण्याची तारीखही तीच. २६ मार्चच्या संध्याकाळी त्यात तेल भरून झाले.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. रोहित्राच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर कागदाचे थरावर थर गुंडाळलेले असतात. तो कागद निर्वात भट्टीत दिवसचे दिवस वाळवतात, मग सारा ऐवज टाकीत बसवून निर्वातातच तेल भरतात. पण तेल भरले म्हणजे झाले असे नाही. ते कागदाच्या अंतरंगात झिरपावे लागते, आणि कुठे हवेचा इवलासा बुडबुडा अडकला असेल तर तो तेलात विरघळून जावा लागतो. तेल जेवढा विजेचा ताण सोसते तेवढा हवेला सोसत नाही. आणि दैवदुर्विलास असा, की बुडबुड्याच्या वाट्याला शेजारच्या तेलापेक्षा ताण अधिकच येतो. म्हणून तेल भरल्यावर यंत्राला काहीही न करता नुसते उभे ठेवायचे. लोणचे मुरू देतात तसे. आमच्याकडे त्या आकाराच्या यंत्राला ७२ तासांचा नियम होता. हा नियम मित्राने घातलेला.

७२ तास म्हणजे २९ ची संध्याकाळ. नंतर दोन दिवस चाचण्या, मग तेल काढून बांधाबांध. म्हणजे यंत्र दोन-तीन एप्रिलला निघणार. आम्ही ३६ तासांवर चाचणी घ्यावी असे ठरवले. मित्राने एक पानी टिपण पाठवले. त्यात तेलाचे तापमान होते, कागदाची जाडी होती, झिरपण्याच्या वेगाचे एक समीकरण होते, आणि शेवटी ‘७२ तासांपेक्षा कमी काळ सुचवता येत नाही’ असे एक वाक्य होते. टिपण आम्ही वाचले. समीकरणापाशी आल्यावर आमची नजर ते ओलांडून खालच्या वाक्यावर गेली. वीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या शेजारी बसून आम्ही अशी समीकरणे मांडली होती. आता ती परक्या लिपीसारखी दिसत होती. त्याला बोलावून घ्यावे, असे मनात आले. पण त्यासाठी आपल्याला हे कळत नाही असे म्हणावे लागले असते. आम्ही समासात लिहिले: ‘जोखीम मान्य. पुढे जावे.’

२८ तारखेला चाचणी झाली. उच्च दाबाच्या प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडतात; साडेनऊशे किलोव्होल्टचा एक आघात, शिखराला १.२ मायक्रोसेकंदात पोचणारा आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरणारा. आधी कमी दाबाचा आघात देऊन प्रवाहाची रेघ टिपून घ्यायची, मग पूर्ण दाबाचा द्यायचा. मोजमापाचे प्रमाण जुळवून घेतले की दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. बसल्या तर यंत्र धड. न बसल्या तर आत कुठेतरी काहीतरी तुटले.

बसल्या नाहीत.

यंत्र उघडले. एका वेटोळ्याच्या कागदावर काळी, झाडाच्या फांदीसारखी खूण उठली होती. ते वेटोळे पुन्हा गुंडाळून, पुन्हा वाळवून, यंत्र बाहेर पडायला जून अखेर उजाडली. कोणाला इजा झाली नाही, कोणाची नोकरी गेली नाही. चौकशीत मित्राला विचारले गेले, ३६ तासांमुळे हे झाले का? तो म्हणाला, “असू शकेल. कागदात आधीच काही दोष असेल तर ७२ तासांनंतरही झाले असते. खात्रीने सांगता येणार नाही.” आम्हाला वाचवण्यासाठी तो असे म्हणाला, असा काहींचा समज झाला. तसे नव्हते. त्याला जेवढे माहीत होते तेवढेच तो बोलला; तो आयुष्यभर तेवढेच बोलत आला आहे.

पण आम्हाला जे लागले ते नेमके इथे. अपराध आमचा होता की नव्हता, हे ठरवण्याचे साधनच आमच्यापाशी उरले नव्हते. त्या दोन रेघा आमच्यासमोर टेबलावर पसरल्या होत्या आणि त्या नेमक्या कुठे वेगळ्या होतात, ते मित्राने पेन्सिलीचे टोक ठेवून दाखवल्यावरच दिसले. त्याने निर्दोष म्हटले असते तर आम्ही निर्दोष होतो, दोषी म्हटले असते तर दोषी. त्या रात्री घरी आल्यावर आम्ही माळ्यावरून कलाभवनातली जुनी पुस्तके काढली. दोन आठवडे पहाटे उठून वाचली. मग जूनअखेरचे हिशेब आले आणि पुस्तके पुन्हा माळ्यावर गेली.

तर नातीने विचारल्यावर आम्ही काय सांगणार होतो, हे उघड होते. आम्ही तिला म्हटले, बंगळूर. व्यवस्थापन पुढे चाळिशीतही शिकता येते. पण समीकरणाची भीती एकदा मनात शिरली की ती निघत नाही. हे आम्ही बऱ्यापैकी आवेशाने सांगितले.

संध्याकाळी मित्र आला. त्याला आमच्या घरात बंगलोरआजोबा म्हणतात. गावाचे नाव बदलले तरी आजोबांचे बदललेले नाही. नातीने त्यालाही तोच प्रश्न केला. आम्ही निश्चिंत होतो, कारण तो आपल्याच संस्थेची बाजू घेणार. त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “तू इंदूरला जा.”

आम्ही चकितच झालो. तो म्हणाला, “मी चौतीस वर्षे टिपणे लिहिली. बरोबर लिहिली. बरोबर लिहिले की आपले काम झाले, असे मला वाटे. वाचणाऱ्याने ते वाचावे कसे, हे माझे काम आहे असे कधी वाटलेच नाही. मला त्या खोलीत जाऊन चार माणसांसमोर उभे राहून ‘हे होऊ देणार नाही’ असे म्हणता आले असते, तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. ते मला कोणी शिकवले नाही. तू शीक.”

त्याने ‘पुष्कळ गोष्टी’ म्हटले, पण आमच्याकडे पाहिले नाही. तेव्हा आम्हीच नातीला मार्च १९९५ ची हकीगत सांगून टाकली. मित्र मान खाली घालून ऐकत होता. स्वयंपाकघराच्या दारात आमच्या सौ. उभ्या होत्या. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे दुखणे तुमचे, आणि औषध हिला. तेही दोघांचे दोन.” आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र पुन्हा आला तो काखेत एक गुंडाळी घेऊन. त्या दोन रेघांचे मूळ कागद त्याने तीस वर्षे जपून ठेवले होते. आम्हाला हे माहीत नव्हते. प्लॉटरवर काढलेले पातळ कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. नातीने ते एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि बराच वेळ पाहत राहिली. मित्राने पेन्सिल काढली. “थांबा,” ती म्हणाली, “मला शोधू द्या.” दोन-तीन मिनिटांनी तिने बोट ठेवले. मित्र काही बोलला नाही, फक्त पेन्सिल खिशात ठेवून दिली.

मग तिने आमच्याकडे वळून विचारले, “आबा, यंत्र दोन-तीन दिवस उशिरा गेले असते तर दंड किती होता?”

“आठवड्याला अर्धा टक्का,” आम्ही म्हणालो. हे कलम आम्हाला अजून पाठ होते.

“आणि यंत्राची किंमत?”

दोन कोटींच्या आसपास. तिने तिच्या वहीच्या मागच्या पानावर मांडले. दोन-तीन दिवसांचा उशीर म्हणजे फार तर एक आठवडा धरला जाईल: एक लाख. प्रत्यक्षात तेरा आठवडे उशीर झाला: साडेसहा टक्के, म्हणजे तेरा लाख. वर नवे तांबे, कागद, मजुरी निराळी. ती बेरीज तिने अर्धवटच सोडली.

“हे तेव्हा कोणी मांडले नव्हते का?”

तिच्या स्वरात आरोप नव्हता. आम्ही मित्राकडे पाहिले, मित्राने आमच्याकडे. त्याच्या टिपणात एकही रुपया नव्हता. आणि आम्ही? एक लाखाची निश्चित तूट एका पारड्यात आणि तेरा लाखांची शक्यता दुसऱ्यात, हे तर अहमदाबादच्या पहिल्या सत्रातले गणित होते. त्यासाठी तेलही कळायला नको होते आणि कागदही. आम्ही ते केले नव्हते. आमच्या डोळ्यांसमोर फक्त ३१ मार्च होता, आणि १ एप्रिलला मुंबईहून येणारा दूरध्वनी. तीस वर्षे आम्ही आमच्या चुकीचे खापर न घेतलेल्या एम.ई.वर फोडत आलो होतो. जी पदविका घेतली होती तिचेही काम आम्ही त्या दिवशी केले नव्हते, हे एका बावीस वर्षांच्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर दाखवून दिले.

तिसऱ्या दिवशी तिने बंगळूरला होकार कळवला. आमच्या मनाला अर्थातच गुदगुल्या झाल्या. पण लगेच तिने त्याही थांबवल्या. “तुमचे ऐकून नाही हं, आबा. आणि बंगलोरआजोबांचे चुकले म्हणूनही नाही. मला वीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन नोकरी शोधायची नाही. हप्ते चुकू नयेत म्हणून नको त्या कागदावर सही करेन, अशी मला भीती वाटते.” तीर्थरूपांनी घेतलेली ती उचल आम्हाला आठवली. ती फेडायला किती वर्षे लागली, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.

मित्र थोडा हिरमुसला होता. तो तिला एवढेच म्हणाला, “मग तिथे असताना दर महिन्याला एखाद्या अशा माणसाला आपले काम समजावून सांग, ज्याला त्यातले काही कळत नाही.” ती हसून म्हणाली, “आबांना सांगेन.”

जुलैअखेरीस ती गेली. सौ.नी डिंकाचे लाडू बंगळूरच्या हवेला चालतील की नाही याची चिंता करीत बरोबर दिले. त्या दोन कागदांची छायाप्रत ती घेऊन गेली. मूळ कागद मित्राने आमच्याच घरी ठेवले आहेत. पहिल्या महिन्याचा दूरध्वनी ठरल्याप्रमाणे आला. तासभर ती बोलत होती. अर्धे कळले. कळले नाही तिथे आम्ही पूर्वीसारखे ओलांडून पुढे गेलो नाही, दोनदा थांबवून विचारले. तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटला, तो गिळून विचारले.

दुपारी कधी निवांत असलो की आम्ही ते दोन पातळ कागद एकावर एक धरून खिडकीशी उभे राहतो. डावीकडून सुरुवात करतो, रेघेवरून सावकाश नजर नेत जातो. जागा ठाऊक आहे, नातीने बोट ठेवले ते काचेवर कुठे, तेही आठवते. तरी दर वेळी ती फट आमच्या डोळ्यांना सापडतेच असे नाही. मग कागद गुंडाळून ठेवतो आणि संध्याकाळी मित्र आला की त्याला पुन्हा एकदा पेन्सिल काढायला सांगतो.